गोणपाटावरचा पावणा

१

सकाळी साडेसहाला सून चहा देते. तो पिऊन मी आणि शांतव्वा रिक्षात बसतो आणि मंगळवार पेठेतून शाहूपुरीला जातो. तिथं पंपांच्या सुट्या भागांचं एक दुकान आहे, त्याच्या माडीवर ध्यानाचा वर्ग भरतो. जिना बारा पायऱ्यांचा. सहाव्या पायरीवर शांतव्वा थांबते, कठड्याला धरून माझ्याकडे बघते आणि म्हणते, "तुमी दमलायसा न्हवं? मग जरा थांबू या." मी व्हय म्हणतो. दमलेली ती असते.

तिच्या हृदयाची झडप खराब झाली आहे. डॉक्टर म्हणाले, या वयात ऑपरेशन झेपायचं नाही. औषधं घ्या, मन शांत ठेवा. म्हणून आमच्या सुनेनं, सुष्मितानं, हा वर्ग शोधून काढला.

शिकवणारी अक्षता तिशीची असेल. पहिल्या दिवशी तिनं मला विचारलं, "आजोबा, यापूर्वी कधी ध्यान केलंय?"

"रोज लिंगपूजा करतो की. हातावर लिंग घ्यायचं आन् बघत बसायचं. पर डोळं उघडं ठेवून."

"मग तुम्हाला सोपं जाईल. इथं फक्त डोळे मिटायचे."

तिनं सगळ्यांना आधी लिंबू बघायला सांगितलं. खरं नाही, मनातलं. त्याची साल बघा, वास घ्या, आता सुरीनं कापा, फोड जिभेवर ठेवा. सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. शांतव्वा डोळे मिटूनच मोठ्यानं म्हणाली, "मीठ आणा की जरा," आणि सगळी माडी हसली.

मग अक्षता म्हणाली, "आता ओळखीची एखादी खोली आणा डोळ्यांसमोर. जिथं तुम्हाला बरं वाटायचं अशी. दार बघा. जमीन बघा. उजेड कुठून येतोय? आवाज कसला येतोय? घाई नको. ही खोली तुमची आहे. तुम्ही आणल्याशिवाय तिथं काहीच येणार नाही."

हे तिनं दोनदा सांगितलं. तुम्ही आणल्याशिवाय काहीच येणार नाही.

२

मी आमच्या गावची, हुपरीची खोली आणली. दुसरी कुठली आणणार?

हुपरीत चांदीचं एक पैंजण दहा घरं फिरून तयार होतं. कुणी तार ओढतं, कुणी कड्या करतं, कुणी उजाळा देतं. आमच्या घरी घुंगरं लावायचं काम. मी कड्यांना कानस मारून घ्यायचो, शांतव्वा चिमट्यानं घुंगरू लावायची. लावण्याआधी प्रत्येक घुंगरू कानाशी नेऊन हलवायची, आतला मणी वाजतो का बघायला. बेचाळीस वर्षं.

खोली दहा बाय बारा, पण आम्ही तिला कारखानाच म्हणायचो. पत्र्याखाली अंधार असायचा, म्हणून वर एक काच बसवली होती. त्या काचेतून उजेडाचा एक गोल जमिनीवर पडायचा आणि दिवसभर सरकत जायचा. दाराच्या आत, उंबऱ्याला लागून, एक गोणपाट. त्या गोणपाटाचा नियम होता. चपला बाहेर काढायच्या, आणि जाताना गोणपाटावर पाय झाडून जायचं. कानशीतून उडालेली चांदीची धूळ तळव्यांना चिकटते, ती घराबाहेर जाता कामा नये. वर्षातून एकदा सगळा केर आणि ते गोणपाटसुद्धा जाळून, धुऊन, आटवून त्यातली चांदी काढायची. आमदार आला तरी पाय झाडूनच जायचा.

आणखी दोन नियम होते. जोड पुरा झाल्याशिवाय माल द्यायचा नाही, एकटं पैंजण उंबरा ओलांडत नाही. आणि सांगितल्या दिवशी माल द्यायचा. सोनाराचा आणि शिंप्याचा 'उद्या' कधी उजाडत नाही, असं लोक म्हणतात. मी कुणाला 'उद्या या' म्हटलं नाही. माझी अब्रू ती एवढीच.

तीन दिवस मी खोली आणली आणि त्यात बसलो. शांतव्वा पाठमोरी, काम करत. केस काळे. मला फार बरं वाटायचं. चौथ्या दिवशी उंबऱ्याबाहेर चपला दिसल्या.

त्या मी आणल्या नव्हत्या.

कोऱ्या कोल्हापुरी, मोठ्या मापाच्या. चामड्यावर अंगठ्याचा डाग नाही, टाचेची खूण नाही. टोकं खोलीकडे. कुणीतरी नुकतंच काढून दारात उभं असावं तशा.

दारात चपला दिसल्या की आमच्याकडचा माणूस जे करतो तेच मी केलं. विचार केला नाही. मनातल्या मनात म्हणालो, "या की पावणं. आत या. चहा घ्या."

३

वर्ग सुटल्यावर खाली गाड्यावर आम्ही एक चहा दोघांत घेतो. शांतव्वानं बशीत फुंकर घातली आणि विचारलं, "कोण आलतं ओ?"

"कुठं?"

"कारखान्यात. तुमी आत या म्हटलासा की कुणाला तर. मी मान वर केली न्हाय, घुंगरू सुटलं असतं हातातनं."

कुठली खोली बघतोस, असं आम्ही एकमेकांना कधी विचारलं नव्हतं.

मी मनाची समजूत घातली. बेचाळीस वर्षं एकाच खोलीत काढलेली माणसं दुसरी खोली कुठून आणणार? आणि 'या की पावणं' हे मी तोंडानंच पुटपुटलो असेन, तिनं ऐकलं असेल. दुसऱ्या दिवशी अक्षताला विचारलं.

"नाही हो आजोबा. काल तुमचे ओठसुद्धा हलले नाहीत. मी तुमच्या समोरच बसले होते." मग ती हसली. "का? झोप लागली होती वाटतं?"

"व्हय, लागली असंल."

"लागू दे. काही वेगळं दिसलं तर घाबरायचं नाही. मन आणतं काहीतरी. बाजूला सारायचं."

त्या दिवशी मी चपला बाजूला सारायला गेलो. त्या बाहेर नव्हत्याच. बाहेर उन्हाचा नुसता रस्ता. मला हायसं वाटलं, म्हणून मी खोलीत वळलो. गोणपाट खाली दबलेलं होतं. वर कुणी दिसत नव्हतं, पण मध्यभागी खोलगट झालं होतं, माणूस मांडी घालून बसल्यावर होतं तसं.

४

दुपारी जेवणानंतर मी शांतव्वाच्या पायांना तेल लावतो. पायांवर सूज येते तिच्या. तिला संकोच वाटतो, "कुणी बघंल की, गप बसा," म्हणते, आणि पाय पुढे करते.

त्या दुपारी तेलाचं फडकं तिच्या तळव्यावरून फिरवलं आणि ते करडं झालं. मी खिडकीशी नेऊन बघितलं. करडं आणि चमकणारं.

सुष्मिता म्हणाली, "मामा, त्या चटईचा रंग असंल. न्हायतर माडीखालच्या दुकानातली ग्रीस. कसली कसली घाण असतीय तिथं."

"आत्तीच्या एकटीच्याच पायाला?"

"आत्ती पाय घासत चालत्यात की."

ते खरं वाटलं मला. मला ते खरं वाटायला हवं होतं. तरी मी फडकं कागदात गुंडाळलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं हुपरीला गेलो.

माझ्या वयाचा केरबा अजून केर धुतो. साऱ्या गावातल्या कारखान्यांचा केर त्याच्याकडे येतो. मला बघून ओरडला, "अण्णाप्पा! जिवंत हायस व्हय अजून? मी तर तुझ्या बाराव्याची वाट बघालतो!"

"जेवायला न्हाय मिळायचं एवढ्यात. हे बघ काय हाय."

त्यानं फडकं चिमटीत चोळलं. जाळलं, राख मुशीत टाकली, फुंकणीनं फुंकत बसला. मूस थंड झाल्यावर तळाशी मोहरीएवढा पांढरा थेंब होता.

"चांदी हाय," केरबा म्हणाला. "कुणाच्या कारखान्यातला केर?"

"का?"

"आता समदी मशीनं. मशीनचा केर भरड असतोय. ही हाताच्या कानशीची धूळ हाय, बारीक. असली कानस मारणारी माणसं गेली की रं समदी." मग त्यानं माझ्याकडं बघितलं. "तू एक उरलायस. आन् तुझं तर हात कापत्यात."

परत येताना मी आमच्या जुन्या जागेवरून गेलो. तिथं आता तीन मजली इमारत आहे, खाली मोबाइलचं दुकान. काचेचं दार, गुळगुळीत फरशी. तिथं चांदीचा कण मिळायचा नाही.

रात्रीच्या जेवणाआधी मी शांतव्वाला सहज विचारावं तसं विचारलं, "खोलीतनं निघताना पाय झाडत न्हाईस व्हय?"

"कुठं झाडू?" ती ताटं पुसत म्हणाली. "गोणपाटावर पावणं बसल्यात न्हवं का."

५

"उद्यापासनं डोळं मिटायचं न्हाय," मी सांगितलं.

"का?"

"मला आवडत न्हाय ते."

"तुमास्नी कारल्याची भाजी बी आवडत न्हाय. मी खायाची सोडली व्हय?"

मग तिनं हात पुसले आणि माझ्यापुढं धरले. बोटं वाकडी झालीत तिची, संधिवातानं. पेला धरताना दोन्ही हात लावावे लागतात. "तिथं सरळ हायत ही," ती म्हणाली. "चिमटा धरला की घुंगरू आपसूक बसतंय. तुमास्नी काय सांगू. त्या शेवटच्या जोडातलं राहिलेलं पुरं करालोय मी."

"कुठलं शेवटचं?"

"कारखाना मोडला तवा राहिलतं ते. एक झालतं, दुसरं अर्धं."

"ते आपण आटवलं, शांते. माझ्या हातानं आटवलं."

"आटवलं असंल इथं. तिथं डब्यात हाय."

सुष्मिता आत टीव्ही बघत होती, तिचं हसणं ऐकू येत होतं.

"कुणाच्या मापाचं हाय ते?" मी विचारलं.

तिनं लुगड्याचा काठ पायांवर ओढला. लग्नानंतर पहिल्यांदा हुपरीला आली होती तेव्हा असाच ओढायची. "माझ्या," ती म्हणाली. "पावण्यांनी माझ्या पायाकडं बघितलं. बोलत न्हाईत ते काय. पर मला समजलं."

मी उभ्या आयुष्यात हजारो पैंजणं हातावेगळी केली. शांतव्वाला एकही केलं नाही. आधी ऐपत नव्हती, मग सवड नव्हती, मग म्हणालो आता या वयात कुठं. घुंगरांच्या घरात तिच्या पायांचा आवाज कधी आलाच नाही. ती कधी बोलली नाही. आणि आता कुणीतरी दारात बसून तिच्या पायांचं माप घेतलं होतं.

"तोंड बघितलंस त्यांचं?"

"गिऱ्हाइकाचं तोंड कशाला बघायचं? काम बघायचं."

"किती राहिलंय?"

"सात घुंगरं. एक पैंजण तयार हाय, पर मागत न्हाईत ते. जोड झाल्याबगर माल जात न्हाय, ठाऊक हाय त्यास्नी."

दुसऱ्या दिवशी वर्गात अक्षता म्हणाली, आता हळूहळू डोळे उघडा. सगळ्यांनी उघडले. शांतव्वानं उघडले नाहीत. दहा श्वास मोजले मी. मग वीस. तिची नखं निळसर झाली होती. मी तिचं मनगट धरून हाक मारत होतो आणि तिच्या ओठांवर बारीक हसू होतं, कामात गर्क असताना असायचं तसं. अक्षतानं पाण्याचा हात तिच्या तोंडावरून फिरवला तेव्हा कुठं तिनं डोळे उघडले आणि वैतागून म्हणाली, "घाई कशाला करतासा? पाच राहिल्यात."

अक्षताचा चेहरा उतरला होता. "आजी, आता थोडे दिवस घरीच विश्रांती घ्या. वर्गाला नको." तिनं सुष्मिताला फोन केला, सुष्मितानं डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदय आहे तसंच आहे, जपा.

पण डोळे मिटायला माडी लागत नाही. दुपारी खुर्चीत बसली की शांतव्वा डोळे मिटायची. मी शेजारी बसून बोलत राहायचो, रेडिओ मोठा करायचो, उगीच पाणी मागायचो. ती उठून पाणी द्यायची आणि परत बसायची. पाचाची तीन झाली. तिनाची दोन.

मी एकटाच शाहूपुरीला गेलो. अक्षता चटया गुंडाळत होती.

"बाळ, खोलीत नको ते कुणी आलं तर काय करायचं?"

"जा म्हणायचं, आजोबा. खोली तुमची आहे."

"आन् मीच या म्हटलं असंल तर?"

तिनं हातातली चटई भिंतीशी ठेवली. मग हसायचा प्रयत्न केला. "मग अवघड आहे. आलेल्या पाहुण्याला जा म्हणणं आपल्याला कुठं जमतं?"

खरं होतं तिचं. चुलत्याचा मेहुणा महिनाभर राहून गेला तरी आम्ही त्याला कधी जा म्हटलं नव्हतं. जिना उतरताना सहाव्या पायरीवर मी थांबलो. शांतव्वा नव्हती, तरी थांबलो. तिथं उभं राहून ठरवलं की एवढं आता शिकायचं.

६

दुपारचे तीन. सुष्मिता दळण आणायला गेली होती. शांतव्वानं खुर्चीत बसून डोळे मिटले. मी दुसरी खुर्ची तिच्या खुर्चीला चिकटवली, डाव्या हातानं तिचं मनगट धरलं, आणि डोळे मिटले.

खोली लगेच आली. मला ती आणावी लागली नाही.

काचेतून उजेडाचा गोल पडला होता. त्या गोलात एरवी धुळीचे कण नाचायचे. आता होते, पण जागच्या जागी टांगल्यासारखे. शांतव्वा पाठमोरी बसली होती. भट्टी विझलेली असूनही खोली उबदार होती, जवळ कुणी झोपलेलं असावं अशी ऊब.

तो गोणपाटावर बसला होता. दाराच्या चौकटीला टेकून, मांडी घालून. पांढरं धोतर. उजेड त्याच्या गुडघ्यांपर्यंत पोहोचत होता, त्यावर अंधार.

"एकच राहिलंय," शांतव्वा मान न वळवता म्हणाली. तिचा आवाज पंचविशीतला होता. "झालंच."

मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "पावणं," मी म्हणालो, "उठा."

तो हलला नाही.

"मीच तुमास्नी या म्हटलं. चुकलं माझं. आजवर चहा न देता कुणाला लावून दिलं न्हाय. तुमास्नी मातूर लावून देतोय. उठा."

त्यानं मांडी मोडून एक पाय उजेडात पसरला. बसून अवघडलेला माणूस पसरतो तसा, अगदी साधेपणानं. तळवा माझ्याकडं झाला.

त्या खोलीत चार पावलं टाकली तरी तळव्याला चांदी लागते. त्याच्या तळव्याला काही नव्हतं. धूळ नव्हती आणि दुसरंही काही नव्हतं. भेग नाही, घट्टा नाही, रेघ नाही. गुलाबी आणि मऊ. तान्ह्या पोराचा असतो तसा, ज्यावर ते अजून कधी उभं राहिलेलं नाही. आणि माप भल्या थोरल्या माणसाचं.

मी वर बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती असं म्हणा हवं तर. बघायची गरजही नव्हती.

त्यानं हात पुढं केला. माझ्याकडं नाही, माझ्या बाजूनं, शांतव्वाकडं. हाताला घाई नव्हती. माल घ्यायला आलेल्या माणसाचा हात. तिकडं शांतव्वानं शेवटचं घुंगरू चिमट्यात उचललं आणि नेहमीप्रमाणे कानाशी नेऊन हलवलं. मणी वाजला. त्या खोलीत तेवढा एकच आवाज होता आणि तो माझ्या छातीत वाजला.

मी वळलो आणि तिच्या चिमट्यातून घुंगरू ओढून घेतलं.

"अवो! द्या ते. गिऱ्हाईक खोळंबलंय."

"खोळंबू दे."

"काय बोलालायसा? तुमी कधी कुणाला थांबवलं न्हाय."

"मग आज थांबवतोय." मी मूठ आवळली, तिच्या आणि त्याच्या मध्ये उभा राहिलो आणि त्याच्याकडं पाठ न करता बोललो. माझा आवाज कधी चढत नाही. तेव्हाही चढला नाही. "ऐका पावणं. माल तयार न्हाय. एक घुंगरू कमी हाय. जोड पुरा न्हाय तर माल देत न्हाय आमी, राजा आला तरी. उद्या या."

हात तसाच राहिला. मागं गेला नाही, पुढंही आला नाही.

शांतव्वानं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. तरुण तोंड होतं तिचं, मी विसरलो होतो तसं. तिनं माझ्याकडं बघितलं. "तुमी एवढं म्हातारं कवा झालासा?"

"तुझ्यासंगंच."

"मी बी?"

"व्हय. तू बी. चल, घरला जाऊ. सुष्मिता येईल, चहा टाकायचाय."

तिनं चिमटा खाली ठेवला. तयार पैंजणाकडं एकदा बघितलं आणि उठली. दाराशी आल्यावर सवयीनं गोणपाटाकडं तिचा पाय गेला. तो तिथंच होता, पसरलेला हात, कोरा तळवा.

"पाय झाडू नकोस," मी म्हणालो. "तशीच चल."

बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मीही तिच्यासोबत त्या खोलीतून पाय न झाडता निघालो. त्याच्या हाताखालून वाकून जाताना माझा खांदा त्या हाताला लागला असणार. मला काहीच लागलं नाही. वारासुद्धा नाही.

डोळे उघडले तेव्हा मी खुर्चीत होतो. शांतव्वा माझ्याकडं बघत होती, घामानं डबडबलेली, म्हातारी. उजवी मूठ दुखत होती. उघडली. तळहातावर गोल वळ उमटला होता आणि त्यात एक घुंगरू होतं.

७

दुसऱ्या दिवशी मी परत हुपरी गाठली. तार आणली, कड्या आणल्या, घुंगरं आणली आणि केरबाच्या पडवीत बसलो. माझे हात बघून लोक चेष्टा करत होते. केरबा म्हणाला, "अण्णाप्पा, एखादा आंधळा लाव या कामाला, तुझ्यापेक्षा बरं करंल." मी म्हटलं, करेल, पण हा जोड माझ्याच हातचा हवा. अकरा दिवस गेले. कड्या वेड्यावाकड्या, घुंगरं कुठं दाट, कुठं विरळ. आधी असलं काम दारात आलं असतं तर मी ते परत पाठवलं असतं.

शांतव्वाच्या पायांना सूज होती, म्हणून माप सैल ठेवलं होतं. दोन्ही पैंजणं मी स्वतः घातली. सुष्मिता दारातून ओरडली, "आत्ती, नवरी दिसालायसा की!"

"गप गं," शांतव्वा म्हणाली. मला म्हणाली, "लई वाकडं केलायसा." आणि मग कारण नसताना स्वयंपाकघरात गेली, तिथून गॅलरीत, तिथून देवाजवळ आणि परत. साऱ्या घरभर आवाज.

ती बरी झाली असं मी म्हणत नाही. झडप आहे तशीच आहे. सहाव्या पायरीवर आम्ही थांबतो. वर्गात परत जायला लागलो, कारण घरी चोरून डोळे मिटण्यापेक्षा ते बरं. सुष्मिताला वाटतं आत्तीला ध्यान मानवलं. रोज खोली येते. शांतव्वा तिथं चटईखाली, डब्यात, भट्टीमागं शोधत असते. "एक घुंगरू दिसंना झालंय ओ. हितंच होतं."

"असंल कुठं तर," मी म्हणतो. इतक्या वर्षांत तिच्याशी मी एवढंच खोटं बोललो. ते घुंगरू माझ्या कोपरीच्या खिशात असतं. वर्गात बसलो की मी ते तळहातावर घेतो आणि त्यावर मूठ मिटतो.

तो गोणपाटावर असतो. हात पुढं केलेला. मी रोज त्याला म्हणतो, माल तयार नाही, उद्या या. आणि शांतव्वाला घेऊन पाय न झाडता निघतो. इकडं आलं की दोघांचे तळवे पुसतो. फडक्यांची आता एक पिशवी भरली आहे.

काल थोडं वेगळं झालं. मी 'उद्या या' म्हणायच्या आधीच त्यानं हात मागं घेतला. मला वाटलं, कंटाळला. मग अंधारातून त्याची मान खाली आल्याचं जाणवलं. तो शांतव्वाच्या पायांकडं बघत नव्हता. माझ्या पायांकडं बघत होता, सावकाश, टाचेपासून अंगठ्यापर्यंत, मग घोट्याभोवती. माप घेणाऱ्याची नजर मला कळते. तेच केलं मी जन्मभर.

मागं शांतव्वा शोधत होती. डबा हलल्याचा आवाज आला. उजेडाचा गोल माझ्या पायांवर होता.

मी दोन्ही पाय त्याच्यापुढं सरकवले.

"घ्या माप," मी म्हणालो. "नीट घ्या. पर ते काम बी माझ्याकडंच येणार हाय, पावणं. हुपरीत हातानं करणारा मी एकटाच उरलोय."

तो बघतच होता.

"आन् माझं उत्तर तुमास्नी आता ठाऊक हाय. उद्या या."